सुतळी

स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा असा निरोप आला आणि पहिली आठवली ती सरांची सुतळी. फळ्यावरचा लाकडी कंपास कुणीतरी मोडला होता (नाव लिहीत नाही, गृहस्थ याच स्मरणिकेच्या समितीत आहेत), त्यामुळे अकरावीभर सरांनी खडूला सुतळी बांधूनच वर्तुळं काढली.

माझं पाठांतर पक्कं होतं: केंद्रांतलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेहून कमी, की वर्तुळं छेदणार. चाचणीत आलं क्ष² + य² = १०० आणि (क्ष − ३)² + (य − ४)² = ९. अंतर ५, बेरीज १३. झालं! एकातून दुसरं समीकरण वजा केलं, ३क्ष + ४य = ५८ ही रेषा आली, 'सामाईक जीवा' असं लिहून खाली ऐटीत दोन रेघा ओढल्या.

सरांनी पेपरावर लाल पेन टेकवलंच नाही. "ये, ही तुझी जीवा काढ फळ्यावर."

एका एककाला पाच सेंटीमीटर धरले. थोरलं वर्तुळ काढलं, मग धाकटं. ते थोरल्याच्या पोटात, कुठेही न शिवता. आणि माझी रेषा? आरंभबिंदूपासून ५८ भागिले ५, म्हणजे ११.६ वर. थोरल्याच्याही बाहेर! वर्ग खिदळला. सर एवढंच म्हणाले, "बेरीज पाहिलीस, वजाबाकी कोण पाहणार?"

१० मधून ३ गेले ७. अंतर ७ हूनही जास्त हवं होतं, ते होतं ५. मग त्यांनी धाकट्याची सुतळी वाढवायला लावली. त्रिज्या ५ झाली तेव्हा ते आतून टेकलं, जरा पुढे गेल्यावर दोन ठिकाणी छेदलं. १५ ला मूळचं थोरलंच आत जाऊन टेकतं, हे मात्र तोंडी झालं. फळा संपला होता.

आज मी जमिनीच्या मोजणीत आहे. दोन पक्क्या खुणांपासून टेपनं तिसरा बिंदू बसवणं रोजचंच. गेल्या उन्हाळ्यात मदतनीस पोरानं वहीत लिहिलं होतं: खुणांमधलं अंतर ३० मीटर, टेप ४२ आणि ११. मी म्हटलं, "एक आकडा चुकलाय. असा त्रिकोणच होत नाही, ४२ मधून ११ गेले ३१."

"न मोजताच कसं कळलं साहेब?"

मी त्याला विचारलं, गाडीत सुतळी आहे का.