पंधरवड्यात पास झालेला कायदा आणि बडोद्याला नडणारं सातवं कलम

भारताच्या स्वातंत्र्याचं विधेयक ४ जुलै १९४७ला ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं आणि १८ जुलैला त्याला राजाची संमती मिळाली. 'केवढी ही घाई' असं आपल्याकडे व्याख्यानांतून नेहमी ऐकू येतं. घाई होतीच, पण मतांची जुळवाजुळव त्याआधीच उरकलेली होती.

कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, सत्ताधारी मजूर पक्षाकडे भक्कम बहुमत होतं, त्यामुळे तिथली काळजी नव्हती. भीती होती ती लॉर्ड्सची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची. तिथे विरोधी हुजूर पक्षाचं वर्चस्व होतं, आणि १९११च्या पार्लमेंट अ‍ॅक्टप्रमाणे ते सभागृह एखादं विधेयक दोन वर्षं अडवून धरू शकत होतं. सत्ता सोडायची जाहीर मुदत होती जून १९४८. म्हणजे विरोधात मत द्यायचीही गरज नव्हती. नुसती चालढकल केली असती तरी सगळं मुसळ केरात.

तोड निघाली मे महिन्यात. हुजूर पक्षाचे नेते चर्चिल यांनी पंतप्रधान अ‍ॅटलींना लेखी कळवलं की फाळणीनंतरच्या भागांनी वसाहतीचं स्वराज्य (ब्रिटिश राजाला मानून चालणारं, 'डोमिनियन' दर्जाचं) पत्करलं, तर याच अधिवेशनात कायदा व्हायला पक्ष आडकाठी करणार नाही. काँग्रेसने १९२९ साली लाहोरला संपूर्ण स्वराज्याचा ठराव केलेला; तरी तिने हे मान्य केलं, कारण या दर्जातून हवं तेव्हा बाहेर पडता येत होतं. शिवाय नवी घटना होईपर्यंत १९३५चाच कायदा फेरफार करून चालवायची सोय आठव्या कलमात झाली. विधेयकाच्या नावातला 'स्वातंत्र्य' हा शब्द चर्चिल यांना पुढे खटकला, पण तो काही निघाला नाही.

मसुदा करणाऱ्यांचं कसब आटोपशीरपणात आहे. वीस कलमं, तीन परिशिष्टं, बस. वादाचं जे जे होतं ते कायद्याबाहेर ढकललेलं: बंगाल-पंजाबच्या सीमा आयोगाकडे, तपशिलातली जुळवणी गव्हर्नर जनरलच्या हुकमांकडे. पाचव्या कलमात दोन्ही देशांना एकच गव्हर्नर जनरल चालेल अशी मुभा ठेवली होती. जिनांनी पाकिस्तानचं पद स्वतःकडे घेतलं, तरी त्यापायी मसुदा फिरवावा लागला नाही. विधेयक संसदेत जाण्याआधी दिल्लीत काँग्रेस आणि लीगच्या नेत्यांना वाचायला दिलं, हे ब्रिटिश संसदेच्या रिवाजाला सोडून होतं. त्याचा फायदा मात्र मोठा झाला. दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या मजकुरात वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेत, कोणी शब्द फिरवला असता, तर फाळणीच्या योजनेवरची ३ जूनची तडजोडच उसवली असती. म्हणून दुरुस्त्यांना वाव जेमतेमच राहिला. १० जुलैला दुसरं वाचन मतविभागणीशिवाय पार पडलं, १५ला तिसरं, आणि पुढे लॉर्ड्सनेही अडवलं नाही.

आता सातवं कलम. माझ्या मते सगळ्या कायद्यातलं सर्वांत लंगडं. संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता आणि तिच्याबरोबरचे तहनामे १५ ऑगस्टला संपतील एवढं ते सांगतं. पुढे काय, याबद्दल चकार शब्द नाही. खाली एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, जोडलंय: जकात, दळणवळण, टपाल-तार असले करार कोणी एक बाजू मोडेपर्यंत किंवा नवे होईपर्यंत चालू राहतील.

नकाशा समोर धरला की हे परंतुक बडोदा संस्थानाला किती मोलाचं होतं ते दिसतं. मेहसाणा, नवसारी, अमरेली, ओखामंडळ हे सगळे एकमेकांपासून तुटलेले तुकडे. गायकवाडांची स्वतःची रेल्वे, ओख्याला स्वतःचं बंदर, आणि मधला मुलूख कुठे ब्रिटिशांचा तर कुठे दुसऱ्या संस्थानांचा. अधिसत्ता गेली तरी गाड्या आणि टपाल दुसऱ्या दिवशीही चालायलाच हवं होतं. पण 'कोणी एक बाजू मोडेपर्यंत' या आधारावर राज्य चालवता येत नाही. म्हणून सामीलनाम्याबरोबर (संस्थानाने भारतात सामील होण्याचा दस्तऐवज) जैसे थे करारही (जुन्या व्यवस्था तशाच चालू ठेवण्याचा) पुढे आला. सामीलनाम्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय दिले होते.

बडोद्याने एक गोष्ट मात्र वेळेवर केली. विधेयक मांडलं जायच्या दोन महिने आधी, २८ एप्रिललाच, संस्थानाचे प्रतिनिधी घटना समितीत जाऊन बसले. दिवाण ब्रजेंद्रलाल मित्तर त्यांत होते. लंडनमध्ये सातव्या कलमाचे शब्द ठरत होते, तेव्हा बडोद्याचा प्रश्न निम्मा दिल्लीत सुटलेला होता. उरलेला निम्मा १ मे १९४९ला सुटला, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा.