आमची वाटचाल: टाकीवरचे तांबूस ठिपके

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दोन गाळ्यांत आम्ही सुरुवात केली ती लोखंडी कामावर. ग्रिल, शेड, ट्रॉलीची दुरुस्ती. स्टीलची पहिली ऑर्डर मिळाली चिकोडीकडच्या एका दूध संकलन केंद्राची, 500 लिटरची टाकी. 304 या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा, आर्गॉन वेल्डिंग, बाहेरून बफ मारून लखलखीत करून दिली. पावसाळा संपायच्या आत मालक दारात. "शेठ, स्टील म्हणून दिलं तुम्ही, आणि हे गंजतंय की ओ!"

जाऊन बघतो तर जोडांच्या कडेने मोहरीएवढे तांबूस ठिपके. पत्रा खोटा असणार म्हणून तपासून घेतला. क्रोमियम 18 टक्के, निकेल 8. पत्रा चोख होता. चूक आमच्या गाळ्यातली.

स्टील टिकतं ते सायीमुळे. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पत्र्यावर ऑक्साइडची साय धरतं. जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर, पण ओरखडा पडला तरी ती आपोआप पुन्हा धरते. त्यासाठी पृष्ठभाग मात्र स्वच्छ हवा. आम्ही लोखंडी गेट घासलेली चकतीच टाकीच्या जोडांवर फिरवली होती. लोखंडाचे कण पत्र्यात रुतले आणि तेच गंजले. शिवाय आतल्या बाजूला वेल्डिंगचा निळा-सोनेरी पट्टा तसाच राहिला होता. त्या रंगाच्या खालच्या पत्र्यात क्रोमियम कमी झालेलं असतं, तिथे साय कच्ची राहते.

टाकी परत आणली. पिकलिंग पेस्ट लावून पट्टा काढला (त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, हातमोजे आणि चष्म्याशिवाय मी कुणाला डबाही उघडू देत नाही), भरपूर पाण्याने धुतली, मग नायट्रिक आम्लाने पॅसिव्हेशन केलं, म्हणजे साय पुन्हा नीट धरेल असा पृष्ठभाग केला. तेव्हापासून एक गाळा फक्त स्टीलचा. चकत्या वेगळ्या, तारेचे ब्रशसुद्धा स्टीलचेच.

प्रत्येक ऑर्डरबरोबर त्याच पद्धतीने जोडलेला एक तुकडा ठेवतो. त्यावर आम्ल घातलेलं मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी 6 मिनिटं ओलं ठेवायचं. लोखंड उरलं असेल तर तिथे तांबं चढतं. दुधाच्या टाकीला मोरचूद लावायचं नसतं, म्हणून तुकडा.

लोणच्याच्या कारखान्याची चौकशी आली तर मी 316 जातीचं, मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टीलच सुचवतो. मिठातलं क्लोराइड साय फोडून भोकं पाडतं, मॉलिब्डेनममुळे 316 त्याला जास्त दाद देत नाही. भाव ऐकून दोन गिऱ्हाइकं परत गेली. त्यांना 304ची टाकी मी करून दिली नाही.