तुम्ही विचारलंत म्हणून: कुकर आणि चिठ्ठी

लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये झालं, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. "तुम्ही नऊ वर्षं जोहान्सबर्गला होतात ना? मंडेला आले, सगळ्यांना मत मिळालं, तीस वर्षं होऊन गेली. मग या काळ्या लोकांचं अजून वर्णभेदाचंच रडगाणं कसं?" मी उत्तर देते. ते ऐकून माणसं मान डोलावतात आणि म्हणतात, "पण तिकडे चोऱ्या फार ना?" तर एकदाच लिहून टाकते.

आम्ही राहायचो शहराच्या उत्तरेला, सँडटनजवळ, फाटक आणि वीजतारा असलेल्या वसाहतीत. 1991 साली ग्रुप एरियाज कायदा, म्हणजे कुठल्या वंशानं कुठं राहायचं ते ठरवणारा, रद्द होईपर्यंत तो भाग गोऱ्यांचा होता. आमच्यासारख्या भारतीयांची जागा लेनेशियात, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. माझ्या वडिलांच्या जुन्या पासपोर्टवर तर 'दक्षिण आफ्रिका वगळून' अशा अर्थाची ओळच छापलेली होती. म्हणजे वर्णभेद गेल्याचा फायदा मला झाला, तोही एक दिवस न लढता. हे मी पंगतीत सांगत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई ऑरेंज फार्मच्या. तेही शहराबाहेरच, दक्षिणेला, पंचेचाळीस किलोमीटरवर. पहाटे साडेचारला घर सोडायचं, मिनीबस टॅक्सीनं शहरात यायचं, तिथून दुसरी टॅक्सी धरायची. घर सरकारनं दिलेलं. 94 नंतर सरकारनं लाखो घरं बांधली, ते खरंच. पण स्वस्त जमीन मिळाली कुठे? जिथं जुन्या राजवटीनं माणसं हाकलली होती त्याच कडेला. नकाशा कुणी पुसलाच नाही, त्याच्यावरच विटा रचल्या.

मी त्यांना नावानं हाक मारायचे, त्या मला मॅडम म्हणायच्या. वयानं त्या मोठ्या. आज मराठीत 'त्या' लिहितेय, तेव्हा मनात 'ती'च होतं.

जुलै 2013. तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी, साडेपाचलाच अंधार. मी त्यांना माझा जुना पाच लिटरचा कुकर दिला होता, जादाची रिंग आणि शिट्टी पिशवीत घालून. त्यांच्याकडचे वाल शिजायला तीन तास घेतात म्हणून मीच आग्रह केला होता. वसाहतीचा नियम असा, की कामाची माणसं काही घेऊन बाहेर पडली तर मालकाच्या सहीची चिठ्ठी हवी. वस्तू, तारीख, घर नंबर, सही. मी विसरले. मुलाच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता, फोन आवाज बंद करून पर्समध्ये ठेवलेला.

पावणेसातला फाटकाशी आले तेव्हा बाई गार्डच्या खोलीबाहेर कठड्यावर बसल्या होत्या. मांडीवर कुकर, त्याभोवती शाल. स्वतःला नव्हे, कुकरला. साडेचारपासून. माझ्या फोनवर सात 'प्लीज कॉल मी' पडले होते. बॅलन्स नसला की तिकडे तो फुकटचा मेसेज पाठवतात.

"कुकर इथं ठेवून जायचं ना!" हे माझं पहिलं वाक्य. माफी नव्हे.

गार्ड म्हणाला, तसा पर्याय दिला होता, पण मग रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागलं असतं: परवानगीशिवाय वस्तू नेताना अडवलं. बाईंना ते नाव तिथं नको होतं. (हो, गार्ड काळाच होता. हा तुमचा पुढचा प्रश्न, मला पाठ आहे. त्याचीही पिशवी सुटताना तपासायचे.)

गाडीत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांच्या आईबद्दल बोलल्या. आईसुद्धा उत्तरेकडच्याच एका बंगल्यात कामाला होती. पासबुक जवळ बाळगायचं, बँकेचं नव्हे, काळ्यांना शहरात असायची परवानगी देणारं; लोक त्याला डोमपास म्हणत, म्हणजे मठ्ठ पास. 1952 च्या ज्या कायद्यानं ते आणलं त्याच्या नावात 'पास रद्द करणे' असे शब्द होते. आधी पुरुषांना लागू झालं, मग बायकांना. त्यात दर महिन्याला मालकाची सही लागायची. एकदा मॅडम समुद्रावर सुट्टीला गेली आणि सही राहिली. आई दोन रात्री कोठडीत. "आम्ही मुलं दारात बसून होतो," एवढंच म्हणाल्या.

आणि मी काय म्हणाले? "पण हे तसं नाहीये हो. ही चोरीसाठीची व्यवस्था आहे, सगळ्यांनाच लागू आहे."

"येस, मॅडम."

सगळ्यांना लागू! मी नऊ वर्षांत त्या फाटकातून सोफा नेला, टीव्ही नेला. गार्डनं हात हलवला फक्त. त्या रात्री मी त्यांना टॅक्सीच्या थांब्यापर्यंतच सोडलं. घरापर्यंत नाही. अंधारात तिकडे गाडी न्यायची मला भीती वाटली. तेव्हाची मी म्हणते, लहान मूल मागच्या सीटवर होतं, काय करणार होतीस? बरोबर आहे तिचं. आजची मी म्हणते, त्या रोज तिथंच जात होत्या. तेही बरोबरच आहे. आमचं दोघींचं अजून मिटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. छापील चिठ्ठ्यांचं अख्खं पुस्तक आणलं, पन्नास चिठ्ठ्यांवर कोऱ्याच सह्या केल्या आणि स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. "हवी तेव्हा फाडून घ्या." मला फार बरं वाटलं होतं.

2018 मध्ये सामान आवरताना ते पुस्तक सापडलं. अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या शिल्लक. जुन्या चादरी, मुलाचे बूट, दिवाळीचा फराळ, त्या हसून "नको मॅडम, नेणं जड होतं" म्हणायच्या आणि मी ते खरं धरत आले होते. कदाचित खरंच जड होत असेल. दोन टॅक्सी बदलायच्या म्हणजे. मला माहीत नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

निघताना फ्रिज, गादी, वॉशिंग मशीन त्यांना दिलं. यादी लांब, म्हणून मी नवा कागद घेतला. बाईंनी तो हातात घेऊन एकेक वस्तू बोट ठेवून वाचली, तारीख बघितली, माझी सही बघितली. मग बाहेर जाऊन बकीवाल्याला, म्हणजे आपला टेम्पोवाला, आत बोलावलं.