सेल मारलाच नाही

आमच्या टोचनच्या धंद्यात डोळ्याआधी कान लागतो. इंजिन चालू आहे का बंद, गिअर पडला का नाही, क्लच जळतोय का, हे मी बोनेट न उघडता सांगतो. बारा वर्षं झाली जालन्यात फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, चालवतो. रोजचं काम म्हणजे उसाच्या ट्रॉलीसकट कलंडलेले ट्रॅक्टर आणि समृद्धीवर बंद पडलेल्या गाड्या. एवढी वर्षं कानावर भरवसा ठेवला, म्हणूनच त्या सकाळची गोष्ट मला अजून डाचते.

फोन एमआयडीसीतल्या एका सळईवाल्या शेठचा होता. जालन्यात सळईचे कारखाने आहेत, बियाण्याच्या कंपन्या आहेत. ‘जालना सोन्याचा पालना’ असं लोक उगाच म्हणत नाहीत. शेठची लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो सर्व्हिसिंगसाठी मुंबईला पोचवायची होती. २०२३ च्या डिसेंबरात ही गाडी भारतात आली तेव्हा शोरूमची किंमतच ८.८९ कोटी होती. साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, जोडीला तीन इलेक्ट्रिक मोटरी, मिळून हजारावर हॉर्सपॉवर. रुंदी आरसे सोडून दोन मीटरच्या वर. माझ्या बेडवर दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरत नाही.

गाडी शेडमध्ये तोंड आत करून उभी होती. दारात पाण्याची नाली, तिच्यावरची जाळी खचलेली. तिथं सागाच्या दोन फळ्या टाकायच्या होत्या. पुतण्या माझ्यासोबत कामाला असतो, एकोणीस वर्षांचा. त्याला म्हणालो, "फळी सरळ कर, आन् शेठनी सेल मारला की बाजूला हो."

लाइट गेलेली, शेडमागे जनरेटर धडधडत होता. दहापंधरा कामगार मोबाईल धरून उभे. सगळ्यांना त्या बारा सिलिंडरचा आवाज रेकॉर्ड करायचा होता. शेठ आत बसले. पुतण्या मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून फळी सरकवत होता. मी सेलच्या आवाजाची वाट बघत होतो.

सेल मारलाच नाही. गाडी मागं यायला लागली.

मी जनरेटरच्या वर ओरडलो. शेठनी ब्रेक दाबला. टायर फळीच्या टोकावर चढलेलं आणि पोराची बोटं तिथून चार अंगुळं लांब. त्याला तर काही कळलंच नव्हतं. "काका, गाडी चालू कुठं होती?" एवढंच म्हणाला. त्याचा हात हातात घेऊन मी बोटं मोजली, खरंच मोजली. शेठ उतरले तेव्हा त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. चूक माझी होती. माणूस मागं असताना गाडी हलवायची नाही, एवढं साधं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

पाणी प्यायल्यावर शेठनीच समजावलं. "भाऊ, हिला रिव्हर्सला इंजिन लागत नाही. पुढच्या चाकांच्या मोटरी मागं ओढतात." लॅम्बोर्गिनीच्याच जुन्या अ‍ॅव्हेंटाडोरमध्ये दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात गिअरबॉक्स होता. इथं त्या जागी बॅटरी बसवली आणि गिअरबॉक्स इंजिनच्या मागं आडवा नेला. शहरात हळू चालवताना इंजिन झोपलेलंच राहतं. बाहेर थोडी गुणगुण येते, पण जनरेटरपुढे ती कोणाला ऐकू येणार?

शेठ गाडीशौकीन माणूस, लॅम्बोर्गिनीच्या पुढच्या मॉडेलांवर बोलत राहिले आणि मी कान देऊन ऐकलं. हुराकानचं दहा सिलिंडरचं इंजिन गेलं. तिच्या जागी आलेल्या टेमेरारिओत चार लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ते दहा हजार आरपीएमपर्यंत फिरतं, आणि तिलाही तीन मोटरी. उरुस एसई नुसत्या बॅटरीवर साठ किलोमीटरच्या वर जाते. २०२३ मध्ये लान्झाडोर दाखवली ती तर पूर्ण इलेक्ट्रिक. फेरारीनेही २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, दाखवली. लोक ह्यात ताशी किती धावते ते बघतात. मला दिसतं ते वेगळं. ह्यातली एखादी रात्री दोन वाजता समृद्धीवर थांबली की तिच्याजवळ पहिला पोचणारा माझ्यासारखाच कोणीतरी असेल, आणि त्याला आतली वीज कुठून कुठं जाते ते ठाऊक नसेल.

पुढचं काम सावकाश केलं. गाडीचं नाक बटणावर वर घेतलं, रॅम्पखाली आणखी दोन फळ्या दिल्या, पट्टे चेसीला न लावता चारही टायरांवरून आवळले. रॅम्प चढताना इंजिन जागं झालं. पत्रा थरथरला, कामगारांना हवा तो आवाज मिळाला. पुतण्या तेव्हा माझ्यामागे दहा पावलांवर उभा होता.

मुंबईत गाडी उतरवल्यावर तिथल्या मेकॅनिकला मी गाठलं. मला म्हणाला, "मामा, नारंगी वायर म्हणजे जबर दाबाची वीज, दिसली की हात मागं." मग चाक जमिनीवर ठेवून हिला कधीच ओढायची नाही, चारही चाकं वर पाहिजेत, कारण पुढची चाकं फिरली की मोटरी फिरतात, हे त्याने दोनदा सांगितलं. वीज तोडायची जागा बोट ठेवून दाखवली. पुतण्याने त्या जागेचा फोटो काढला आणि परतीच्या वाटेवर तो आमच्या ओळखीच्या सगळ्या टोचनवाल्यांना पाठवला, जालना, बीड, परभणी, जेवढे नंबर होते तेवढ्यांना.