ठाण्याहून सांधण–करोली फेरी: एका दिवसात कशी बसते

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून सांधण दरी उतरायची आणि खाली घाटपायथ्याच्या डेहणे गावाला निघून जायचं, हा बहुतेकांचा शिरस्ता. दरी उतरून करोली घाटाच्या पायवाटेनं पुन्हा साम्रदला वर यायचं म्हटलं की लोक मुक्कामाची भाषा करतात. थंडीच्या दिवसांत ही फेरी एका दिवसात आरामात होते, फक्त दिवसाचा हिशोब आधी कागदावर हवा. दम कोणाला किती, यापेक्षा पहिल्या दोरापाशी (दरीत तीन उभे कातळटप्पे दोरानं उतरावे लागतात) रांग किती लांब, यावर तो हिशोब जमतो किंवा फसतो.

जानेवारीतल्या एका शनिवारी दहा जणांच्या गटाला लागलेला वेळ असा. साम्रद सोडलं ६:४५ ला, दरीच्या तोंडाशी ७:०५. दोन्ही पाण्याची कुंडं आणि धोंडे पार करून पहिल्या दोराच्या जागी ८:५०. दोर लावून, तपासून तयार ९:१०. शेवटचा माणूस खाली १०:२०. उरलेले दोन लहान टप्पे ११:५० पर्यंत. खालच्या डोहाशी १ वाजता, जेवण, आणि दीडला करोलीच्या वाटेला. साम्रद ४:४५. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हातात दीड तास शिल्लक. हाच गट वीसचा असता तर पहिल्या टप्प्यावरच आणखी सत्तर मिनिटं गेली असती, आणि करोलीचा वरचा भाग बॅटरीच्या उजेडात चढावा लागला असता. म्हणून दहा, फार तर बारा. दहा जणांना एक क्रूझर पुरते, हाही फायदा.

जायचं कसं? लोकलवाल्यांनी शुक्रवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडावी. वेळ एम-इंडिकेटरवर त्याच दिवशी बघावी, शनिवार-रविवारला जोडून मेगाब्लॉकची कामं निघतात. कसाऱ्याहून जीप आधी ठरवलेली असावी, मध्यरात्री स्टेशनबाहेर घासाघीस करायला कोणी बसलेलं नसतं. स्वतःची गाडी असेल तर माजिवडा, खारेगाव, भिवंडी बायपास, शहापूर, कसारा घाट, घोटी. घोटीला महामार्ग सोडून बारी, शेंडी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून साम्रद. चार तास धरा. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पाही खुला झाला आहे, त्यानं कसारा घाट टळतो. बाईकवाल्यांना तिथं प्रवेश नाही. ज्याला परतीला गाडी चालवायची आहे, त्यानं रात्री गावात किमान चार तास झोपलंच पाहिजे. दरीपेक्षा परतीचा महामार्ग जास्त धोक्याचा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गावातल्या घरी जेवणाचा आकडा दोन दिवस आधी कळवा. पिठलं-भाकरी-ठेचा मिळतो, सकाळी बांधूनही देतात. अभयारण्याचं शुल्क आणि गावातले पैसे रोख लागतात, रेंजच्या भरवशावर राहू नका. गावातलाच एक वाटाड्या घ्या. करोलीत उताराच्या वाटा आणि गुरांच्या वाटा एकमेकींत मिसळतात. या फेरीचा खरा फायदा इथेच आहे: अंथरूण-पांघरूण, जादा कपडे गावात ठेवून हलक्या सॅकनं निघता येतं. डेहण्याला उतरणारे तेच सगळं डोक्यावर घेऊन कुंडातून जातात.

दरीत शिरल्यावर दोन कुंडं लागतात. पहिलं गुडघ्या-मांडीपर्यंत, दुसरं कमरेच्या वर; पावसाळा संपल्या संपल्या जास्त, मार्चपर्यंत बरंच कमी. तळाशी गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी जाऊ नका, बोटं ठेचतात. जुने मोजे किंवा फ्लोटर घालून पार करा आणि बूट गळ्यात न अडकवता सॅकवर बांधा. गळ्यातले बूट झुलले की तोल जातो. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, फोन वेगळ्या झिपच्या पिशवीत. ऊन तळापर्यंत जेमतेम दुपारी पोचतं, त्यामुळे जानेवारीत पाणी बोचरं असतं आणि ओली पँट बराच वेळ ओलीच राहते. जीन्स घातलेला माणूस पुढचा दिवसभर ती ओढत चालतो.

हेल्मेट दोरापाशी नाही, दरीच्या तोंडाशीच घाला. भिंती शे-दोनशे फूट उभ्या आहेत, वर माकडं फिरतात आणि दगड सुटतात. काठावरून डोकावणारे हौशी पर्यटक त्यात भर घालतात. धोंड्यांवर उड्या मारायच्या नाहीत, एका वेळी एकच हात किंवा पाय हलवायचा. ट्रेकिंग पोल इथं घडी करून सॅकला. ते करोलीत कामाला येतात.

आता दोर. पहिला टप्पा सर्वांत मोठा, साधारण ४५ फूट, म्हणजे १४ मीटरच्या आसपास. शेवटचा माणूस दोर दुहेरी करून उतरतो आणि खालून एक टोक ओढून दोर काढून घेतो. म्हणजे २८ मीटर, अधिक हाताळायला थोडा. ५० मीटरचा एक स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर भरपूर झाला. दोन आखूड तुकडे जोडू नका. जोडाची गाठ ओढताना कपारीत अडकते, आणि ती सोडवायला वर जायला वाट नसते.

कातळात आधीच्या गटांचे बोल्ट आणि त्यावर लोंबणाऱ्या जुन्या पट्ट्या दिसतील. पट्ट्यांवर विश्वास नको, उन्हानं त्या आतून कुजलेल्या असतात. स्वतःची टेप स्लिंग (चपट्या नायलॉन पट्टीचा फास) घ्या, भार दोन वेगळ्या बोल्टवर वाटा. शेवटच्या माणसाचा दोर स्लिंगमधून सरळ ओवू नका. नायलॉनवर नायलॉन घासला की उष्णतेनं स्लिंग कापली जाते. एक स्टीलची रिंग मागे सोडायची तयारी ठेवूनच जा, तेवढ्या पैशांसाठी जीव टांगू नये. दोराच्या टोकांना गाठी मारा, म्हणजे टोक निसटून माणूस खाली येत नाही. ओढायच्या आधी त्या सोडायला विसरू नका. हे विसरणारे गट कमी नाहीत. आणि एक सवय लावून घ्या: वर एकच माणूस उरला की खालच्यांनी दोर चार-पाच फूट ओढून पाहायचा. सरकत नसेल तर वरचा माणूस दोराची जागा बदलू शकतो. तो उतरल्यावर कळून उपयोग नाही.

उतरणाऱ्याची वेणी, टी-शर्टचं टोक, हेल्मेटचा लोंबता पट्टा, या तीन गोष्टी फिगर एटमध्ये (दोर ओवून उतरायच्या, आठच्या आकाराच्या धातूच्या कडीत) शिरतात आणि माणूस अधांतरी अडकतो. सगळं आत खोचा. जड सॅक पाठीवर असली की नवखा मागे उलटतो. सॅक वेगळी सोडा. खाली एकानं दोर हातात धरून उभं राहायचं, थेट खाली नाही तर बाजूला. वरच्याचा हात सुटला तर दोर ताणला की तो जागच्या जागी थांबतो.

नवख्याला एका उतरणीला दहा मिनिटं लागतात, सरावाच्या माणसाला सहा-सात. हा फरक दहा जणांत अर्ध्या तासाचा होतो. तेव्हा ज्यांनी कधी हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) बांधला नाही, त्यांना आधीच्या रविवारी मुंब्र्याच्या कातळावर जाणकारासोबत तीन-चारदा उतरवून आणा. दुसरा दोर आणि दुसरा जाणकार असेल तर त्यानं पुढे जाऊन पुढचा टप्पा लावून ठेवावा, मधली वाट पाहणं वाचतं.

पहिला दोर ओढला की मागे फिरणं संपलं. म्हणून निर्णय त्याच्या आधी: दहा वाजेपर्यंत पहिला माणूस दोरावर नसेल, कोणाचा पाय मुरगळला असेल, किंवा आभाळ भरून आलं असेल तर आल्या वाटेनं साम्रद. दरीतून आकाशाची फक्त चिंधी दिसते, रतनगडाच्या बाजूला ढग जमलेत की नाही ते तिथून कळत नाही. सकाळी गावातूनच पाहून घ्या. पावसाळ्यात दरीत उतरायचं नाहीच. अवकाळीच्या दिवसांत पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, तर खाली पळू नका. मिळेल त्या उंच धोंड्यावर चढून बसा.

तिन्ही टप्पे झाले की धोंड्यांची उतरण कंटाळवाणी आहे, फार सांगण्यासारखं काही नाही. खालच्या डोहाचं पाणी भरून घ्यायचं असेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. माणशी चार लिटर गावातूनच हवं. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायलात तर मळमळ आणि तहान दोन्ही वाढतात.

करोलीची चढण पश्चिमेकडची, म्हणजे भर दुपारचं ऊन पाठीवर. पुढच्याचा वेग मागच्यापेक्षा जास्त नको. एक-दोन जागी हातानं धरून चढावं लागतं, तिथं वाटाड्या वर थांबतो. मार्चनंतर ही फेरी नकोच, मे-जूनमध्ये तर काजव्यांच्या गर्दीत भंडारदऱ्याचा रस्ताही तुंबतो.

डोह सोडायला अडीच वाजून गेले असतील तर करोली विसरा आणि डेहण्याला उतरा. डेहणे आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. डोळखांबमार्गे आसनगाव स्टेशन गाठायचं. दरीत रेंज नसते, म्हणून डेहण्याच्या एका जीपवाल्याला शुक्रवारीच सांगून ठेवा की सहापर्यंत आलो तर आलो. साम्रदला उभी गाडी मग दुसऱ्या दिवशी आणावी लागते, तेव्हा ड्रायव्हर असलेली भाड्याची गाडी इथंही बरी पडते.