चोपन्नावे पुस्तक आणि वाचकांचे दोन राग

के. ए. अॅपलगेट यांच्या 'अॅनिमॉर्फ्स' या किशोरवयीन वाचकांसाठीच्या मालिकेतील चोपन्नावे आणि अखेरचे पुस्तक, 'द बिगिनिंग', मे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. जून १९९६ पासून जवळजवळ दर महिन्याला एक या वेगाने आलेल्या या लहानखुऱ्या पुस्तकांनी वाचकांची एक अख्खी पिढी बांधून ठेवली होती, आणि त्याच पिढीने शेवटचे पुस्तक हाती पडताच लेखिकेवर रागही काढला. त्या रागाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यात दोन वेगळे राग मिसळलेले होते आणि त्यांपैकी एकालाच उत्तर मिळाले, असे माझे मत आहे. पुढे कथानक शेवटपर्यंत उघड होणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी मूळ कल्पना थोडक्यात अशी. येर्क नावाचे, शंख नसलेल्या गोगलगायीसारखे दिसणारे परग्रहवासी माणसाच्या कानातून आत शिरतात, मेंदूला वेढा घालतात आणि त्या माणसाला त्याच्याच शरीरात कैद करून ठेवतात. तो माणूस बोलतो, हसतो, कामावर जातो. फक्त हे सारे तो स्वतः करत नसतो. येर्कांचे वैरी असलेल्या अँडलाइट या परग्रहवासी जातीचा एक मरणोन्मुख योद्धा पाच शाळकरी मुलांना, जेक, रेचल, कॅसी, मार्को आणि टोबायस यांना, स्पर्श केलेल्या प्राण्याचे रूप घेण्याची शक्ती देतो. अट एकच, की दोन तासांच्या आत मूळ रूपात परतायचे, नाहीतर त्याच रूपात कायमचे अडकायचे. पुढे अॅक्स हा अँडलाइट मुलगा त्यांना येऊन मिळतो. टोबायस अगदी सुरुवातीलाच ससाण्याच्या रूपात अडकतो, आणि जेकचा थोरला भाऊ टॉम येर्कांच्या ताब्यात आहे हे पहिल्याच पुस्तकात कळते. 'भावाला सोडवायचे' या एका इच्छेवर जेक मालिकाभर लढतो, आणि वाचकही त्याच आशेवर पुढचे पुस्तक उघडत राहतो. पानांच्या कोपऱ्यात छापलेली चित्रे भराभर उलटली की मुलाचा प्राणी होताना दिसे, ही गंमतही प्रत्येक पुस्तकात असे. मुखपृष्ठावरून आत किती काळोख आहे याची पालकांना कल्पना येणे शक्यच नव्हते.

शेवटच्या पुस्तकाचा खरा आरंभ त्रेपन्नाव्या पुस्तकाच्या अखेरीस होतो, म्हणून ते दोन्ही एकत्रच वाचावे लागते. जेकने आखलेल्या अंतिम हल्ल्यात तीन निर्णय आहेत आणि तिन्ही त्याचे स्वतःचे आहेत. ज्या अपंग मुलांना या मुलांनीच रूपांतराची शक्ती देऊन लढाईत ओढले होते, त्यांना तो शत्रूचे लक्ष वेधून घेण्यासाठी पुढे करतो आणि ती सारी मारली जातात. शत्रूचे मुख्य जहाज ताब्यात आल्यावर त्या जहाजाच्या कुंडात असलेले १७,३७२ येर्क अवकाशात फेकून देण्याचा हुकूम तो देतो. आणि टॉम ज्या दुसऱ्या जहाजावर आहे त्यावर रेचलला, म्हणजे स्वतःच्या चुलत बहिणीला, तो लपवून पाठवतो. काम टॉमला मारण्याचे आहे आणि तिथून ती परत येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

यांपैकी मधला निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुंडातले येर्क त्या क्षणी कोणाच्याही शरीरात नव्हते. शरीराबाहेर येर्क आंधळा असतो, तो लढू शकत नाही, पळू शकत नाही. मराठी वाचकाला इथे सौप्तिकपर्व आठवल्यावाचून राहणार नाही: रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून झोपलेल्यांना मारणारा अश्वत्थामा. परंतु महाभारतात ते कृत्य पराभूत पक्षाच्या माणसाने केले आहे, त्याला शाप मिळतो, कपाळीचा मणी काढून घेतला जातो आणि भळभळती जखम घेऊन तो भटकत राहतो. अॅपलगेट यांनी तेच कृत्य विजयी पक्षाच्या, वाचकाच्या लाडक्या आणि मोठेपणी आपणही असेच व्हावे असे मुलांना वाटायला लावणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या सेनापतीकडून करवले आणि त्याला कोणताही शाप दिला नाही. लोक त्याला वीर म्हणतात, आणि त्याची खरी शिक्षा तीच ठरते. हा आकडा लेखिकेने नेमका दिला आहे, 'हजारो' म्हणून सोडून दिलेले नाही, आणि त्या नेमकेपणामुळेच तो पुढे खटल्यातही आणि जेकच्या मनातही पुन्हा पुन्हा येऊ शकतो.

चोपन्नाव्या पुस्तकाची पहिली पाने रेचल सांगते. अस्वलाच्या रूपात ती लढते, टॉमला संपवते आणि मग मानवी रूपात, थकलेली, निःशस्त्र अशी शत्रूंच्या घोळक्यात उभी राहते. इतर पाच जण हे सारे दुसऱ्या जहाजावरच्या पडद्यावर पाहत असतात. तिला मारणारा येर्क हिमअस्वलाच्या रूपात असतो, आणि इथे एक सूक्ष्म धागा आहे जो अनेक वाचकांच्या नजरेतून निसटतो असे मला वाटते. येर्कांकडे रूपांतराची शक्ती आली ती निळ्या पेटीमुळे, आणि ती पेटी टॉमच्या हाती जाऊ दिली होती कॅसीने, काही अंशी जेकच्या हातून भावाची हत्या होऊ नये म्हणून आणि काही अंशी येर्कांना दुसरा मार्ग मिळावा म्हणून. तो दुसरा मार्ग पुढे खरोखरच उपयोगी पडतो. अनेक येर्क कायमचे प्राणीरूप पत्करून शरण येतात आणि तहाचा पाया घातला जातो. म्हणजे कॅसीच्या दयेतून शांतताही आली आणि तिच्या जिवलग मैत्रिणीचा मृत्यूही आला. पुस्तक हे कुठेही बोलून दाखवत नाही, आणि मला वाटते ते योग्यच आहे.

मरणाच्या क्षणी काळ थांबवून एक सर्वशक्तिमान अस्तित्व रेचलशी बोलायला येते. ती त्याला विचारते की आपल्या असण्याने काही फरक पडला का, आणि तो होय म्हणतो. ती जगत नाही, तिला दुसरी संधीही मिळत नाही. फक्त उत्तर मिळते. मालिकेतल्या कितीतरी संकटांतून मुलांना ऐनवेळी वाचवले गेले होते, त्यामुळे वाचक इथेही सुटकेची वाट पाहतो, आणि लेखिकेने ती सवय मोडण्यासाठी नेमकी हीच जागा निवडली आहे.

यानंतर युद्ध संपते आणि पुस्तकाचा बराच मोठा भाग शिल्लक राहतो. आक्रमणाच्या बहुतेक कथा इथे विजयोत्सव उरकून मिटतात. अॅपलगेट मात्र एकेका मुलाच्या तोंडून पुढची सुमारे तीन वर्षे सांगतात. मार्को प्रसिद्धी आणि पैसा यांत आनंदाने रमतो. मोठे घर, नोकरचाकर, दूरदर्शनवरच्या मुलाखती. येर्कांनी गुलाम केलेल्या आणि आता मुक्त झालेल्या हॉर्क-बजिर या परग्रहवासी लोकांच्या पुनर्वसनाचे काम कॅसी हाती घेते. ते यलोस्टोनच्या अरण्यात वसवले जातात. अॅक्स आपल्या लोकांत परततो आणि जहाजाचा कप्तान होतो. रेचलवर प्रेम करणारा टोबायस तिची रक्षा घेऊन निघून जातो आणि जेकशी बोलायचे नाकारतो. या चौघांपैकी टोबायसची पाने सर्वांत कमी आहेत आणि ती तशीच हवीत. मार्कोची थोडी जास्त झाली आहेत, तरी विनोदाची गरज त्या टप्प्यावर वाचकाला असते हे मान्य करावे लागते.

खटल्याचा भाग मला पुस्तकाचा गाभा वाटतो. येर्कांच्या मुख्य सेनापतीवर, व्हिसरवर, हेग येथे युद्धगुन्ह्यांसाठी खटला चालतो आणि साक्षीदार म्हणून जेक उभा राहतो. बचाव पक्षाचा वकील त्याला कुंडाविषयी विचारतो. निःशस्त्र कैद्यांना मारणे हा युद्धगुन्हा असेल, तर तो आरोपीच्या पिंजऱ्यातल्यालाच का लागू व्हावा आणि साक्षीदाराला का नाही, असा तो प्रश्न आहे, आणि वकिलाचा हेतू कितीही कावेबाज असला तरी प्रश्न खोटा ठरत नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर महिनाभरातच, २८ जून २००१ रोजी, युगोस्लाव्हियाचे माजी अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांना प्रत्यक्षात हेगच्या न्यायाधिकरणाकडे सोपवण्यात आले. शालेय मुलांच्या पुस्तकाने वर्तमानपत्राच्या इतक्या जवळून जावे, हे त्या काळी फार थोड्यांनी लक्षात घेतले असेल.

जेक त्या साक्षीनंतर अधिकच खचतो. तो आजारी नाही, बेकार नाही, त्याला कोणी दोष देत नाही, पण त्याला काही करण्याची इच्छा उरत नाही. कॅसी आणि तो एकत्र येतील अशी आशा वाचकाने चोपन्न पुस्तके बाळगलेली असते. तीही पूर्ण होत नाही. त्यांचे भांडण होत नाही, विश्वासघात होत नाही; कॅसी आयुष्यात पुढे जाऊ शकते आणि तो जाऊ शकत नाही, इतकेच. युद्धाहून परतलेल्या माणसाचे असे चित्र मोठ्यांच्या कादंबऱ्यांत मिळते, पण ज्या वयाचे वाचक शाळेच्या दप्तरातून हे पुस्तक नेत होते, त्यांच्यासाठी ते नवे होते.

वाचकांचा संताप इतका झाला की लेखिकेने त्यांना उद्देशून एक पत्र लिहिले. त्या पत्राचा आशय असा: ही मालिका पहिल्यापासून युद्धकथा होती; युद्धे मिठ्या मारून आणि आनंदाने संपत नाहीत, एका युद्धातून दुसरे निघते; जिंकणाऱ्यांतही माणसे मरतात, मोडतात, अपराधी भावनेने पोखरली जातात. आणि तुम्ही लवकरच मतदान करण्याच्या आणि सैन्यात भरती होण्याच्या वयाला पोहोचाल, तेव्हा कोणी युद्धाचा प्रस्ताव मांडला तर हे आठवा, असेही तिने सुनावले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे अफगाणिस्तानातले युद्ध सुरू झाले. बालवाचकांना इतक्या सरळपणे, लाडीगोडी न लावता उत्तर देणारे लेखक विरळाच, आणि या पत्राबद्दल मला अतिशय आदर आहे.

तरीही ते पत्र अर्ध्याच तक्रारीचे उत्तर आहे. रेचल मेली, टोबायस उद्ध्वस्त झाला, जेक सावरला नाही, हा पहिला राग. तो दुःखाचा राग होता आणि त्याला पत्राने पुरेपूर उत्तर दिले. दुसरा राग रचनेविषयीचा होता. पुस्तकाच्या अखेरच्या भागात निसटलेल्या येर्क जहाजाचा शोध घेता घेता अॅक्सचे जहाज केल्ब्रिड नावाच्या, तोवर वाचकाला अपरिचित असलेल्या लोकांच्या प्रदेशात शिरते आणि 'द वन' नावाची एक शक्ती अॅक्सला गिळंकृत करते. केल्ब्रिडांशी असलेल्या तहामुळे अँडलाइट तिथे उघडपणे जाऊ शकत नाहीत, म्हणून जेक, मार्को आणि टोबायस नव्या सोबत्यांना घेऊन एका चोरलेल्या जहाजातून निघतात. जहाजाचे नाव 'रेचल' ठेवले जाते. अॅक्सचा चेहरा धारण केलेला तो शत्रू समोर येतो, आणि जेक शत्रूच्या जहाजावर धडक मारण्याचा हुकूम देतो. पुस्तक तिथेच संपते.

एका युद्धातून दुसरे निघते, हा विचार मला पटतो. पण ते दुसरे युद्ध पहिल्यातूनच निघायला हवे होते. पुनर्वसनाबद्दल कुरकुरणारी माणसे, रूपांतराचे तंत्र हाती आलेली सैन्ये, अँडलाइटांची मग्रुरी, हे सारे साहित्य पुस्तकात आधीच होते. जेक स्वतः लष्कराच्या निवडक तुकड्यांना रूपांतर शिकवतो आहे, म्हणजे ठिणगी तर पडलीच होती. त्याऐवजी काही पानांत एक संपूर्ण नवा, स्वभाव नसलेला, इतिहास नसलेला राक्षस आणून उभा केला जातो. येर्कांच्या बाबतीत लेखिकेने वर्षानुवर्षे दाखवले होते की शत्रूलाही भूक, भीती आणि हेवा असतो. येर्क जन्मतः आंधळे आहेत आणि आपल्या डोळ्यांचा त्यांना लोभ आहे, हे कळल्यावर त्यांचा द्वेष करणे अवघड होते. 'द वन'ला यातले काहीच मिळाले नाही. शोकान्त शेवट सोसायला तयार असलेल्या वाचकालाही इथे फसवल्यासारखे वाटले असेल, तर तो पोरकटपणा म्हणता येणार नाही. त्या काळात पंचविसाव्यानंतरची बहुतेक पुस्तके इतर लेखकांकडून लिहून घेतली जात होती, आणि शेवटची दोन अॅपलगेट आणि त्यांचे पती मायकल ग्रँट यांनी पुन्हा स्वतःच्या हाती घेतली. त्यामुळे ही घाई परक्या हाताची म्हणून सोडूनही देता येत नाही.

मात्र तो अखेरचा हुकूम मी काढून टाकला नसता. धडकेचा आदेश देताना जेकच्या चेहऱ्यावर रेचलचे ते बेदरकार हसू दिसते, असे पुस्तक सांगते. आधीच्या तीनही निर्णयांत त्याने मरणाच्या तोंडी दुसऱ्यांना दिले होते आणि स्वतः सुरक्षित जागी उभे राहून पाहिले होते. या वेळी तो त्याच जहाजावर आहे. हे त्याचे शौर्य आहे, की जी शिक्षा हेगमध्ये त्याला कोणी दिली नाही ती त्याने स्वतःच शोधून काढली आहे, की त्याला आता युद्धाखेरीज दुसरे काही जमतच नाही? मार्को आणि टोबायस सोबत आहेत, आणि त्यांची संमती त्याने त्या क्षणी विचारलेली नाही. म्हणजे सवय अजून तीच आहे. हे कोडे सुटू नये म्हणूनच पुस्तक धडकेच्या आधी थांबते, आणि तेवढ्या एका पानासाठी मी त्याआधीचा सारा उतावीळपणा चालवून घेतो, मात्र त्याला उतावीळपणाच म्हणतो.