सकाळीच बिघडणारं पॅनेल

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेची तक्रार होती की वर्गातलं इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने लिहायचा मोठा डिजिटल फळा, आपोआप रेघा मारतं आणि कधी बोट फिरवलं तरी काहीच उमटत नाही. दुरुस्तीला एक माणूस येऊन गेला होता, पण दुपारी, शाळा सुटल्यावर. तेव्हा सगळं नीट चाललं. ‘मशीन ठीक, वापरता येत नाही,’ असा शेरा लिहून तो गेला आणि पॅनेलवर चादर पडली ती पडलीच.

साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना मदत करण्याचं काम करताना, एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. तक्रार ज्या वेळेची, भेट त्याच वेळेला. म्हणून प्रार्थनेच्या आधीच शाळेत पोचले. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. पहिला तास सगळी मुलं सरांकडे बसवली आणि खोलीत पहिली-दुसरीच्या बाई आणि मी, दोघीच राहिलो. शिकणाऱ्या शिक्षकाभोवती मुलं नकोत. वर्षानुवर्षं ज्यांच्यासमोर आपण चुकलो नाही, त्यांच्यासमोर चाचपडायची वेळ कुणावर आणू नये.

बाई पॅनेलपासून दोन हात लांब उभ्या. म्हणाल्या, ‘‘मोडलें जाल्यार कोण भरतलो? डेडस्टॉक रजिस्टरार म्हजी सय आसा.’’ म्हणजे, मोडलं तर भरपाई कोण करणार, शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत सही माझी आहे. ही भीती खरी आहे. शाळेतली सगळ्यात महागडी वस्तू आपल्या सहीवर आलेली असेल, तर माणूस तिला हात लावण्याआधी दहादा विचार करणारच. म्हणून मी आधी स्पष्ट सांगितलं: बोटाने पॅनेल मोडत नाही. मोडतं ते वीज खालीवर झाल्याने, ओल्या फडक्याने किंवा आतला संगणक चालू असताना भिंतीवरचं बटण बंद केल्याने. चालू करताना भिंतीवरचं बटण, मग यूपीएस, मग पॅनेलच्या मागचा खटका, शेवटी पुढचं बटण. बंद करताना आधी विंडोज बंद, मग पुढचं बटण, दिवा लाल झाला की मागचा खटका. हा क्रम बाईंनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला. मी लिहून दिलेला कागद कपाटात जातो, त्यांचा भिंतीवर राहतो.

मग लिहायचं ॲप उघडून बाईंना डावीकडून उजवीकडे सावकाश आडव्या रेघा ओढायला सांगितल्या, वरपासून खालपर्यंत, चार-चार बोटांच्या अंतराने. वरच्या रेघा अखंड आल्या. तेवढ्यात श्रावणातलं ऊन ढगातून बाहेर आलं, पूर्वेच्या खिडकीतून तिरपं आत शिरलं आणि मधल्या पट्ट्यातली रेघ तुटली. पाठोपाठ कोपऱ्यात दोन ठिपके आपोआप उमटले. बाईंनी चटका बसल्यागत हात मागे घेतला. मी एका वहीचा पुठ्ठा घेऊन चौकटीच्या उन्हातल्या कडेवर सावली धरली. रेघ पुन्हा सलग.

या जातीच्या पॅनेलची काच स्पर्श ओळखतच नाही. चौकटीच्या आतल्या कडांत एका बाजूला डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडणारे बारीक दिवे असतात आणि समोरच्या बाजूला ते टिपणारे सेन्सर. काचेच्या अगदी किंचित वरून हे किरण आडवे-उभे जातात. बोटाने ते अडले की जागा ठरते. उन्हातही अवरक्त किरण भरपूर. सेन्सरवर थेट ऊन आलं की बोटाने किरण अडवल्याचं त्याला कळत नाही आणि ऊन-सावली भराभर बदलली की नसलेले स्पर्श दिसू लागतात. दुपारी ऊन त्या खिडकीतून येतच नव्हतं, मग बिघाड सापडणार कसा?

पण ऊन गेल्यावरही बाईंच्या लिहिण्यात अधूनमधून खोट राहत होती. मी बाजूला उभी राहून त्यांचा हात पाहिला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलेली, हातात डझनभर हिरव्या बांगड्या. अक्षराचा खालचा फराटा ओढताना बोटाआधी बांगडी किरणांत शिरत होती. शिवाय फळ्यावर टेकवतात तसा तळवा टेकला की पॅनेल त्याला डस्टर समजून लिहिलेलं पुसत होतं. बांगड्या काढायची काहीच गरज नाही. त्या कोपराकडे सारल्या आणि लांब दांड्याचं पेन वापरलं की मनगट काचेपासून दूर राहतं. खालच्या कडेत खडूची भुकटी साचलेली होती, कारण फळा शेजारीच. पॅनेल बंद करून ती कोरड्या मऊ ब्रशने झाडली. फळा यापुढे ओल्या स्पंजने पुसायचा असं ठरलं.

यानंतर मी बाईंना म्हटलं, ‘‘आता मुद्दाम घोटाळा करा.’’ आधी बिचकल्या. मग ॲप बंद केलं, आवाज घालवला, सोर्स, म्हणजे चित्र कुठून घ्यायचं ती निवड, बदलून एचडीएमआयवर, बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेवर, नेला. काळा पडदा, त्यावर ‘नो सिग्नल’. पूर्वी हाच पडदा पाहून त्यांनी पॅनेल गेलं असं धरलं होतं. सोर्स पुन्हा आतल्या संगणकावर आणला की चित्र परत. चुकीची रेघ गेली तर उलटा बाण, भलतीकडे पोचलो तर घराचं चिन्ह, मुलांनी मधलं काही पाहू नये असं वाटलं तर पडदा गोठवणारं फ्रीझ. काय काय करता येतं हे शिक्षकाला नंतर हळूहळू सापडतं. पहिल्या दिवशी माघारी येण्याच्या या वाटाच पक्क्या करून घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या तासाला मुलं आली. खिडकीवर तीच चादर टांगली. बाईंनी माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीचा, पाठ घेतला: नारळ, सुपारीचा शिपटो (घोस), तोरिंजन, कांगलां अशा माटोळीतल्या फळांची चित्रं ओढून ‘बागेतलं’ आणि ‘रानातलं’ अशा दोन चौकटींत टाकायची. दुसरीतले पॅनेलपाशी, पहिलीतले पाटीवर तीच चित्रं काढत. मध्येच एका मुलाचा तळवा टेकला आणि अर्धा पडदा पुसला गेला. बाईंनी वळूनही माझ्याकडे पाहिलं नाही, उलटा बाण दाबला आणि पुढचं नाव पुकारलं.

नोंदवहीत जुन्या शेऱ्याखाली मी लिहिलं: बिघाड उन्हामुळे, पूर्वेच्या खिडकीला जाड गडद पडदा हवा, वापरात दोष नाही. हे लिहिणं मला गरजेचं वाटलं. त्या जुन्या एका ओळीने एका चांगल्या शिक्षिकेचा हात अडवून ठेवला होता.

निघताना बाईंनी विचारलं, चवथीला घरच्या माटोळीचे फोटो मोबाइलवर काढले तर इथे कसे आणायचे? शाळेत नेटवर्क धड नाही, म्हणून पेनड्राइव्हच बरा. तो एफएटी३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला (फाइली ठेवण्यासाठी तयार केलेला) असावा, एनटीएफएस ही तिसरी पद्धत असली तर पॅनेलची अँड्रॉइड बाजू कधी कधी तो दाखवत नाही. एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पण फोटोंना त्याचा त्रास नाही. दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे पाठ घरच्या वायफायवर मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवायचे. बाईंनी हेही त्याच कागदाच्या मागे टिपून घेतलं.